सोमवारचा खाडा

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. लीड्सहून हडर्सफील्डला येणारी संध्याकाळची गाडी, सगळ्या थांब्यांवर थांबणारी. बाहेर साडेचारलाच अंधार, आत ओल्या कोटांचा वास. समोरच्या सीटवर साठी ओलांडलेला एक माणूस. मान अशी नव्हतीच, डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं. कान पाहिले आणि मला एकदम कोल्हापूरची तालीम आठवली, पैलवानांचे असतात तसे मोडून गोळा झालेले कान. त्याच्या हातात डँडेलियन अँड बर्डॉकची बाटली होती. हे इकडचं जुनं पेय, चवीला थेट खोकल्याचं औषध. बराच वेळ तो झाकणाशी झटत होता. मग जराही न लाजता त्यानं बाटली माझ्यापुढे धरली. "लव्ह, एवढी उघडून दे." यॉर्कशायरमध्ये बसवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कुणीही कुणालाही ‘लव्ह’ म्हणतं, पहिल्या वर्षी दचकायला होतं, नंतर ते ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. मी झाकण फिरवलं. बाटली परत देताना त्याची बोटं दिसली. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून बाहेरच्या अंगाला वळलेली होती, वाट चुकल्यासारखी.

मी आपल्याच कानाला हात लावून विचारलं, "रग्बी?" "लीग," त्यानं दुरुस्त केलं. रग्बीचे दोन प्रकार, युनियन आणि लीग, आणि इकडे हा फरक फार महत्त्वाचा. "प्रॉप होतो. अकरा सीझन." प्रॉप म्हणजे पुढच्या फळीत धडका देणारा गडी. मग मी माहिती नसलेला माणूस विचारतो तो प्रश्न विचारला, ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) किती केले? तो हसला. "चार. त्यातली एक चुकून." आपण आपल्या अडाणीपणाची भरपाई करावी म्हणून मी पुढचं विचारलं, सगळ्यात अवघड प्रतिस्पर्धी कोण होता? बॅटली स्टेशन मागे पडत होतं. काचेत त्याचा चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "मंडे." मला वाटलं, मंडे नावाचा कुणी खेळाडू असेल. मग तो सांगायला लागला. मॅच रविवारी दुपारी. सोमवारी पहाटे खाणीत पहिली पाळी. रविवारी रात्री अंघोळीच्या टबातून बायकोनं हात देऊन बाहेर काढायचं, आणि सकाळी सहाला खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यात उभं राहून जमिनीखाली जायचं. "अकरा वर्षांत एकही सोमवार चुकवला नाही," तो म्हणाला. चौऱ्याऐंशीच्या संपात मात्र उलटं झालं, खाणीचा पगार बंद आणि घरात येणारा पैसा तेवढा मॅचचा. एवढं सांगेपर्यंत ड्यूसबरी आलं. उठताना त्यानं दोन्ही हातांनी सीटची पाठ धरली, कण्हला नाही, पण उठायला लागला तो वेळ मी मोजला. दारातून वळून म्हणाला, "टा, लव्ह."

चार ट्राय आणि एकही सोमवार न चुकवणं. त्यानं हिशेब मांडला तो असा.

घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तेच वाक्य मी मराठीत लहानपणापासून ऐकलेलं होतं. "एक खाडा नाही," असं तात्या म्हणायचे. आमचे तात्या परळच्या एका मिलमध्ये साचा खात्यात होते. खाडा हा शब्द हल्लीच्या मुलांना माहीत नसेल. रजा वेगळी, सुट्टी वेगळी, दांडी वेगळी. दांडीत थोडी मजा असते. खाडा म्हणजे हजेरीच्या वहीत पडलेलं भोक, आणि त्या भोकातून महिनाअखेरीला गळणारा पैसा. तात्या पहिली काही वर्षं बदली कामगार होते, म्हणजे सकाळी भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, आत कुणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या जागी लागायचं. दुसऱ्याच्या खाड्यावर आपली चूल. अशा माणसाला स्वतःचा खाडा परवडत नाही, कारण आपण नाही दिसलो की मुकादमाच्या डोळ्यासमोर दुसरा उभा असतो. आणि हा माणूस शनिवार-रविवार कबड्डी खेळायचा. मातीतली. डावा कोपरा. चढाईला जाणारे गडी वेगळे, त्यांची नावं चाळीतल्या पोरांना पाठ. कोपऱ्यातल्या गड्याचं काम घोटा धरून बसायचं, वरून तीन माणसं पडेपर्यंत सोडायचं नाही. तात्यांचं नाव कुणाला पाठ नव्हतं. गुडघे मात्र कायम सोललेले, आणि त्यावर आई हळद लावताना बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हडर्सफील्डला स्टेशनाबाहेर पडलं की डाव्या-उजव्या बाजूंना न बघता लोक सरळ चौकात जातात. मधे जुने पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा, घाईत चाललेला, खिशात हात घालणारा. त्याच चौकाच्या कडेला जॉर्ज हॉटेलची दगडी इमारत आहे. मी तिच्यासमोरून वर्षानुवर्षं गेलो, आणि ती इमारत म्हणजे आमच्या तात्यांच्या शब्दाचं विलायतेतलं स्मारक आहे हे मला फार उशिरा कळलं. 29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांची माणसं इथे जमली आणि त्यांनी रग्बी युनियनशी, म्हणजे खेळाच्या मूळ संघटनेशी, काडीमोड घेतला. भांडण खेळाच्या नियमांचं नव्हतं. भांडण खाड्याचं होतं. उत्तरेकडचे खेळाडू गिरण्यांमधले आणि खाणींमधले. शनिवारी सकाळी पाळी असायची. दुपारी बाहेरगावी मॅच असेल तर पाळी बुडायची, मजुरी कापली जायची. क्लब म्हणाले, निदान ती कापलेली मजुरी आम्ही भरून देतो. याला नाव होतं ‘ब्रोकन टाइम’, मोडलेला वेळ. 1893 मध्ये यॉर्कशायरनं हा ठराव लंडनच्या सभेत मांडला आणि तो आपटला. दक्षिणेतल्या, शाळा-विद्यापीठांतून आलेल्या सभ्य लोकांचं म्हणणं असं, की खेळ हा खेळासाठी खेळायचा, ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये. दोन वर्षांनी 22 क्लब बाहेर पडले. नुकसानभरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. पुढे खेळच वेगळा झाला, तोच लीग: 1906 पासून पंधराच्या जागी तेरा खेळाडू, पकडल्यावर उठून चेंडू पायानं मागे सारायची पद्धत, आणि साठ-सत्तरच्या दशकात आधी चार आणि मग सहा टॅकलची मर्यादा, म्हणजे तेवढ्या वेळा पकडलं गेलं की चेंडू समोरच्या संघाचा. पण मुळाशी आहे तो सहा शिलिंगांचा खाडा. आणि गंमत म्हणजे, ज्या युनियननं पैशाच्या नावानं नाक मुरडलं तिनं 1995 च्या ऑगस्टमध्ये, बरोब्बर शंभर वर्षांनी, स्वतःच खेळाडूंना पगार द्यायचं मान्य केलं. शंभर वर्षं लीगला हात लावलेल्या माणसाला वाळीत टाकून झाल्यावर.

लहानपणी ओल्डहॅम हे मला गाव वाटायचं नाही. ते साच्याचं नाव होतं. तात्यांच्या खात्यातल्या यंत्रांवर लोखंडात ओतलेली अक्षरं होती, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. तात्या ‘वल्डम’ म्हणायचे. "आपलं वल्डम आज रुसलं होतं," असं म्हणत जेवायला बसायचे. इकडे आल्यावर पहिल्यांदा रस्त्यावर पाटी पाहिली, ओल्डहॅम अमुक मैल, तेव्हा मी गाडी कडेला घेऊन थांबलो होतो. बायकोला वाटलं पंक्चर झालं.

तर तो प्रॉप. त्याला समजून घ्यायचं म्हणून मी या वर्षी फेब्रुवारीत बॅटलीला एक मॅच बघायला गेलो. एकटाच. बॅटलीचं मैदान, माउंट प्लेझंट, उतारावर आहे. नावाला उतार नव्हे, चेंडू ठेवला तर घरंगळेल असा उतार. एका हाफमध्ये चढाला खेळायचं, दुसऱ्या हाफमध्ये उताराला. गरम ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), वर वाटाण्याचा लगदा आणि पुदिन्याचं सॉस, थंडीत हात शेकायला खरं तर. स्पीकर खरखरत होता. आजूबाजूला बहुतेक म्हातारे, टोप्या घातलेले, आणि त्यातल्या निम्म्यांचे कान तसेच. टीव्हीवर जे कळत नाही ते इथे पहिल्या मिनिटाला कळलं. आवाज. दोन माणसं पळत येऊन एकमेकांवर आदळतात तो आवाज टीव्हीवर टाळीसारखा येतो. जवळून तो पावसात भिजलेली गादी गच्चीवरून अंगणात टाकावी तसा येतो, आणि त्याच्या पाठोपाठ फुप्फुसातली हवा बाहेर पडल्याचा एक छोटा, खासगी आवाज. तो ऐकताना आपण दुसऱ्याच्या घरात डोकावलो असं वाटतं.

तेरापैकी सहा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे. त्यातले दोन प्रॉप, आठ आणि दहा नंबरचे. समोरच्या संघानं किक मारून चेंडू लांब आपल्या गोल लाइनजवळ पाठवला, की पहिली हिट-अप प्रॉपची. दहा मीटर मागून पळत यायचं, चेंडू छातीशी घ्यायचा आणि समोर उभ्या असलेल्या तिघांच्या मध्ये घुसायचं. पळवाट शोधायची नाही. मी कबड्डी बघत वाढलेला, मला पहिली पंधरा मिनिटं हे विचित्रच वाटलं. चढाईला जाणारा गडी सुटायला बघतो, रेषेला हात लावायला बघतो. प्रॉपची चढाई अशी, की पकडला जाणार हे त्याला माहीत, पकडणाऱ्यांना माहीत, बघणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत. पकडलं जाणं हेच काम. फक्त चार पावलं पुढे जाऊन पकडलं जायचं, तिघांना आपल्याबरोबर खाली घ्यायचं, आणि ते अंगावरून उठायच्या आत आपण उठून चेंडू टाचेनं मागे द्यायचा. असं केलं की त्यांची फळी नीट मागे सरकत नाही, आणि मग चौथ्या-पाचव्या टॅकलला कुणीतरी सडपातळ, केस विंचरलेला पोरगा त्या फटीतून निघून जातो आणि ट्राय करतो. टाळ्या त्याला. प्रॉप तेव्हा कमरेवर हात ठेवून चाळीस मीटर मागे उभा असतो, तोंडातून वाफ निघत असते. चेंडू नसताना काम थांबत नाही, उलट वाढतं. टॅकल करा, दहा मीटर मागे जा, पुढे या, टॅकल करा. म्हणून प्रॉपला सलग ऐंशी मिनिटं क्वचित ठेवतात. वीस-पंचवीस मिनिटं झाली की बेंचवरून ताजा माणूस येतो. बदली. मी त्या थंडीत मराठीत मोठ्यानं म्हणालो, "बदली कामगार." शेजारच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, मी रेफरीला काहीतरी म्हणालो.

या कामाची एक संपूर्ण कारकीर्द डोळ्यांसमोर आणायची, तर मला ड्यूसबरीचाच माणूस आठवतो. सॅम बर्जेस, जन्म 1988. ड्यूसबरी-बॅटली हा भाग एकेकाळी ‘शॉडी’चा. जगभरातल्या जुन्या लोकरी चिंध्या इथे यायच्या, फाडल्या-पिंजल्या जायच्या आणि त्यातून पुन्हा कापड निघायचं. (पुढे इंग्रजीत शॉडी म्हणजे सुमार, असा अर्थ रूढ झाला. चिंध्यांचं कापड करणाऱ्यांच्या कष्टाला भाषेनं दिलेलं हे बक्षीस. आज तोच धंदा आपल्याकडे पानिपतात चालतो.) बर्जेसचे वडील मार्क स्वतः लीग खेळलेले. चार भाऊ, ल्यूक, सॅम आणि जुळे टॉम-जॉर्ज, चौघंही फॉरवर्ड निघाले. सॅम सतराव्या वर्षी ब्रॅडफर्ड बुल्सकडून खेळायला लागला. 2007 मध्ये वडील मोटर न्यूरॉन आजारानं गेले. हा आजार असा, की डोकं शाबूत राहतं आणि एकेक स्नायू रजेवर जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथे, हडर्सफील्डच्या स्टेडियममध्ये, हा अठरा वर्षांचा पोरगा ग्रेट ब्रिटनकडून न्यूझीलंडविरुद्ध पहिली टेस्ट खेळला. न्यूझीलंडचा फुइफुइ मोइमोइ म्हणजे त्या वेळचा सगळ्यात धडकी भरवणारा प्रॉप. सॅमनं त्याला असा टॅकल केला की आजही इथल्या पबमध्ये लोक उभं राहून, पेला बाजूला ठेवून, तो करून दाखवतात. माझ्या कचेरीतल्या एकानं मला तो खुर्चीवर करून दाखवला. खुर्चीचं चाक निघालं.

2010 मध्ये तो सिडनीला गेला, साउथ सिडनी रॅबिटोजकडे. हळूहळू भाऊही तिकडे जमले आणि 2013 मध्ये एका मॅचला चौघं एकाच संघातून उतरले, तिकडच्या लीगमध्ये शंभरहून जास्त वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. मग 5 ऑक्टोबर 2014 ची ग्रँड फायनल. साउथ्सनं शेवटचं अजिंक्यपद 1971 साली जिंकलेलं. 43 वर्षांचा दुष्काळ, 83,833 माणसं स्टेडियममध्ये. पहिलीच हिट-अप, सॅमच्या हातात चेंडू, आणि समोरून आला कँटरबरी बुलडॉग्जचा प्रॉप जेम्स ग्रॅहम. तोही इंग्लंडच्या उत्तरेचाच, मर्सीसाइडचा. अर्ध्या जगापलीकडे जाऊन दोन उत्तरेकडच्या पोरांची डोकी एकमेकांवर आपटली आणि सॅमचं गालाचं हाड मोडलं. पहिल्या मिनिटात. डोळा सुजून बंद व्हायला लागला. उरलेला सगळा वेळ तो खेळला, तसाच, त्याच गालानं पुढे जात. स्कोअर सहा-सहा बरोबरीत असताना धाकट्या जॉर्जनं ट्राय केली आणि गाडं सुटलं, 30-6. सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक सॅमला मिळालं. शेवटी तो मैदानात रडतोय ते फुटेज मी आता निदान दहा वेळा पाहिलंय. एका बाजूनं चेहरा पोराचा आहे, दुसऱ्या बाजूनं तो चेहराच नाही.

त्यानंतर जे झालं ते मला त्या फायनलपेक्षा जास्त लागतं. तो युनियनकडे गेला, बाथला. फॉरवर्डला तिथे काही वेळा फॉरवर्डमध्ये, काही वेळा मागे सेंटरला खेळवलं, कारण नेमकं याचं काय करायचं हे कुणाला कळत नव्हतं. वर्षभराच्या आत इंग्लंडकडून वर्ल्ड कप. 2015, यजमान इंग्लंडच, आणि गटातच बाद. मग कोट-टाय घातलेल्या आवाजांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचे लंडनच्या सभेतले सूर मला त्यात ऐकू येतात, हा माझा पूर्वग्रह असेल, असू दे. तो सिडनीला परतला, आपल्या साउथ्सकडे, पुन्हा हिट-अप घ्यायला. 2019 च्या ऑक्टोबरात खांदा कायमचा गेला म्हणून निवृत्त झाला. वय तीस. तिसाव्या वर्षी तात्या बदलीतून नुकते कायम झाले होते. 2024 मध्ये सॅम इकडे वॉरिंग्टनच्या संघाला शिकवायला आला. बाजूला उभा असतो तेव्हा हाताची घडी घालायला एक खांदा जरा वेळ लावतो, असं मला वाटतं. कदाचित मला तसं बघायची सवयच लागली आहे.

साउथ्सचीच जुनी गोष्ट आहे 1970 च्या फायनलची. कर्णधार जॉन सॅटलर, प्रॉप. सुरुवातीच्या काही मिनिटांत मारानं जबडा मोडला. तो शेजारच्या साथीदाराला म्हणाला, मला धरून उभा कर, त्यांना कळता कामा नये. आणि जबडा लोंबत असताना मॅच पुरी केली, 23-12 जिंकली. ऑस्ट्रेलियात ही गोष्ट आपल्याकडे बाजीप्रभूंची सांगतात तशी सांगतात. मीही अंगावर काटा आणून ऐकली. पण वय वाढलं तसं त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग मला जास्त ऐकू येतो. त्यांना कळता कामा नये. दुखतंय हे प्रतिस्पर्ध्याला कळता कामा नये, कोचला कळता कामा नये, मुकादमाला कळता कामा नये. सॅटलर 2023 मध्ये गेले, शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा दोन लीग खेळाडूंच्या मेंदूत, मरणानंतरच्या तपासणीत, वारंवार डोक्याला बसलेल्या माराचा तो विशिष्ट आजार सापडला. कुठल्या एका माणसाला कशामुळे काय झालं हे छातीठोकपणे सांगणारा मी कोण, आणि डॉक्टरही सांगत नाहीत. पण इकडे कितीतरी निवृत्त खेळाडू कोर्टात गेलेत. तेव्हाचा खाडा आता मागतायत, आणि तो पाळीचा नाही, आठवणींचा आहे.

एक चांगली आठवणही सांगून टाकतो, नाहीतर मी फक्त मोडलेली हाडं मोजतोय असं वाटेल. आमच्या ‘वल्डम’चा एक माणूस आहे, केव्हिन सिनफील्ड, एकेकाळी तेरा नंबर घालणारा, लीड्स ऱ्हायनोजचा माजी कर्णधार. त्याचा मित्र रॉब बरो, संघातला सगळ्यात बुटका, त्यालाही मोटर न्यूरॉन आजार झाला. सिनफील्डनं त्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन पळून पैसे उभे केले. 2023 च्या मे महिन्यात लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये तो रॉबला व्हीलचेअरमधून ढकलत पूर्ण अंतर पळाला, आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला उचलून कडेवर घेतलं. मी तेव्हा घरी भांडी घासत होतो, टीव्ही बाहेरच्या खोलीत चालू. समालोचक गप्प झाले म्हणून बघायला आलो. लीगमध्ये चेंडू घेऊन धावण्याला ‘कॅरी’ म्हणतात. मी हात पुसायचे विसरलो आणि जाजमावर पाणी गळलं.

परवा रविवारी मुंबईला फोन केला. आई आता धाकट्याकडे डोंबिवलीला असते, एक्क्याऐंशी पूर्ण. मी तिला गाडीतल्या माणसाची गोष्ट सांगितली, मोडके कान, बाटली, सोमवार. मग म्हणालो, त्याची बोटं बघून तात्यांचं बोट आठवलं. तात्यांचं उजव्या हाताचं अनामिकेचं बोट असंच वाकडं होतं. आम्हा भावांना ती गोष्ट पाठ आहे. नायगावला फायनल, शेवटची दोन मिनिटं, तात्यांनी घोटा धरला, वरून चार जण पडले, बोट मोडलं, घोटा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. शेजारच्या बोटाला सुतळीनं बांधून पहिल्या पाळीला हजर, तुटलेले धागे डाव्या हातानं सांधत आठ तास. एक खाडा नाही. त्या मॅचचं बक्षीस, मंडळाचं नाव कोरलेलं स्टीलचं पातेलं, ब्याऐंशीच्या संपात घरातलं बाकी सगळं विकलं तरी आईनं विकलं नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली आहे, इंग्रजीत, थोडी वाढवून.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "कबड्डीत कुठलं रे? साच्यात सापडलं होतं ते."

मी हसलो. म्हटलं, आई, तू विसरलीस, नायगावची फायनल. ती म्हणाली, "मी नाही विसरले. ह्यांनी माझी शपथ घेतली होती लग्नानंतर खेळणार नाही म्हणून. हाताला फडकं बांधून आले आणि म्हणाले साच्यात सापडलं. मी चार दिवस शिव्या घातल्या मिलला." मागून धाकट्याचा आवाज आला, तो स्पीकरवर ऐकत होता. त्याचं म्हणणं तिसरंच. तात्यांच्या खात्यातले एक काका तेराव्याला आले होते, ते त्याला म्हणाले होते, की बोट साच्यातच गेलं, पण मुकादमाला कळलं असतं तर बदलीच्या यादीतून नाव गेलं असतं, म्हणून तात्यांनी सगळ्या खात्याला सांगितलं, काल कबड्डीत मोडलं. मग आम्ही तिघं बराच वेळ भांडलो. मिलमध्ये सांगायचं कबड्डीत मोडलं, घरात सांगायचं मिलमध्ये मोडलं, आणि पोरांना सांगायची नायगावची फायनल. धाकटा म्हणाला, मग पातेलं कुठून आलं? आई म्हणाली, पातेली काय, त्या काळी दर महिन्याला यायची.

"सोमवारी गेले मात्र कामाला," ती म्हणाली. "ते मी बघितलंय. डबा मीच दिला."

फोनवर थोडी शांतता झाली. तिकडे कुकरची शिट्टी. मग आईनंच विचारलं, तिला अशा गोष्टी अर्धवट सोडवत नाहीत, "आणि त्या तुझ्या गाडीतल्या माणसाची बोटं कशानं मोडली म्हणे? खेळात का खाणीत?"

मी कान बघितले होते, आणि बाकीचं मीच ठरवून टाकलं होतं. त्याला विचारलंच नव्हतं.